गोदा पाण्यात उभी नव्हती

हौसा पाष्टेच्या अंगणात कॅमेरा लागला तो तिसऱ्यांदा. पहिल्यांदा कॉलेजची पोरं आली होती, ती चहा पिऊन आणि झाडावरचे पेरू काढून गेली. दुसऱ्यांदा निवडणुकीच्या तोंडावर एका वाहिनीचा माणूस आला. त्याने हौसाला अर्धा तास बोलायला लावलं आणि बातमीत तिचे फक्त भेगाळलेले पाय दाखवले. आता मुंबईच्या एका संस्थेची दिशा नावाची मुलगी आली होती. विस्थापितांच्या न सांगितलेल्या कहाण्या जगापुढे आणायच्या, असं तिचं काम होतं.

"न सांगितलेल्या?" हौसा म्हणाली. "बाय, मी सांगून सांगून दमले. कुणी ऐकत नाय, असं म्हण."

हौसाचं गाव तेरवळ. लांजा तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी तिथे धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. हौसाच्या वाडीला सरकारने हातखंब्याच्या आतल्या अंगाला, सड्यावर जागा दिली. सडा म्हणजे उघडाबोडका कातळ. कुदळ मारली तर ठिणगी उडायची आणि कुदळच उलटी अंगावर यायची. त्यावर लोकांनी घरं बांधली, माती आणून पसरली, चार कलमं जगवली, पोरांची लग्नं केली. तरी आजूबाजूच्या गावांत अजून त्यांना 'धरणवाले' म्हणत.

"आजी, त्या दगडावर बसता का? मागे मोकळा सडा छान दिसेल," दिशा म्हणाली.

"दगड तापलाय."

"दोनच मिनिटं. आणि... लुगडं नाहीये का तुमच्याकडे?"

हौसाच्या अंगात गाऊन होता आणि खांद्यावर टॉवेल. "लुगडं माझी सासू नेसायची. ती गेली. तिला आणू का?"

सुहासने कपाळाला हात लावला. सुहास हौसाचा मुलगा. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत कामाला होता आणि आज मुद्दाम अर्धी सुट्टी टाकून थांबला होता. "आये, नीट बोल ना गो. लांबून आलेत ते."

हौसा तापलेल्या दगडावर जाऊन बसली. कॅमेरा सुरू झाला. दिशाने आवाज एकदम मऊ केला.

"आजी, गाव कायमचं सोडून निघालात, त्या क्षणी मनात काय आलं?"

"मनात आलं, कोंबड्या कशात न्यायच्या."

"म्हणजे... दुःख?"

"दुःख होतंच. पण ट्रक दारात उभा होता आणि कोंबड्या सुटलेल्या. आधी कोंबड्या धरू की दुःख करू?"

दिशाने कॅमेरावाल्याकडे पाहिलं. कॅमेरावाल्याने आभाळाकडे पाहिलं. हौसाला ते पाहणं पाठ झालं होतं. आता हे लोक सामान आवरायला लागतील, हे तिने ओळखलं आणि ती घाईने म्हणाली, "माजं काय घेऊन बसलीस? मला उशिरा का होईना प्लॉट मिळाला, ट्रक मिळाला. गोदाचं ऐक. ते कुणी सांगितलेलं नाय."

गोदा जाधव ही तेरवळच्या बौद्धवाडीतली. हौसाच्याच वयाची. दोघी लग्न होऊन एकाच वर्षी गावात आल्या. एकीचं शेत वर, दुसरीचं खाली, मध्ये पाण्याचा एकच पाट होता. बौद्धवाडीच्या आठही घरांना धरणाच्या वेळी सरकारने काहीच दिलं नव्हतं. नंतर कधीतरी, हौसाच्या वसाहतीच्या पलीकडच्या उतारावर, त्यांनाही जागा मिळाली.

कॉलेजच्या पोरांना हौसाने हे एवढंच सांगितलं होतं. त्यांनी ते गाळलं. वाहिनीवाल्याला सांगताना तिने गोदाला घोटाभर पाण्यात उभं केलं. त्याने मान हलवली, पण तेही गाळलं. म्हणून या वेळी पाणी वाढलं.

"कमरेपर्यंत पाणी चढलं होतं," हौसा म्हणाली. "कडेवर पोर. आम्ही सगळे निघून आलेलो. ती एकटी रडत उभी. कुणी विचारणारं नाय. मग सरकारला दया आली आणि त्यांनाही तुकडा दिला."

दिशाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने हौसाकडून ते पुन्हा दोनदा सांगून घेतलं, एकदा हळू आवाजात आणि एकदा धरणाच्या दिशेला बघत. धरण त्या बाजूला नव्हतं, पण हौसाने तिकडे बघून सांगितलं. चला, गोदाचं नाव तरी निघतंय, असं तिला वाटलं.

"ती बग तिची वाडी," हौसाने बोट दाखवलं. "उतरून गेलीस की आलंच. तिच्याशीच बोल."

"पुढच्या वेळी नक्की, आजी. आता उजेड जाईल."

उजेड जायला अजून बराच अवकाश होता. पण गाडी गेली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी हौसा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. गोदा उतार चढून आली. तिचे गुडघे दुखतात, ती सहसा चढ चढत नाही. आल्या आल्या तिने हातातला मोबाइल हौसाच्या नाकासमोर धरला.

"ही कोण?"

मोबाइलवर व्हिडिओ चालू होता. बासरी वाजत होती. कमरेइतक्या पाण्यात एक तरणी बाई उभी होती, गोरीपान, नाकात भलीमोठी नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या मागे पाण्यातून देवळाचा कळस वर आला होता आणि ती त्याला हात जोडून रडत होती. चित्र कम्प्युटरवर बनवलेलं होतं, हे हौसालासुद्धा कळलं, कारण बाईच्या एका हाताला सहा बोटं होती. खाली दिशाच्या संस्थेचं नाव आणि अक्षरं होती : 'तेरवळची गोदा'. आणि आवाज हौसाचा.

"कालपासून सगळ्या ग्रुपवर फिरतंय," गोदा म्हणाली. "मुंबईवरून भावाच्या नातवंडांचे फोन. लांज्याच्या सुनेचा फोन. 'आजी, तुम्ही किती सोसलंत.' अगो, मी कधी गो पाण्यात उभी होते?"

"आमच्या वाडीतली चंद्री म्हणाली होती की तुमच्या दारात पाणी..."

"चंद्री तुज्या ट्रकात तुज्याच शेजारी बसलेली! तिला कुणी दाखवलं पाणी? पाणी चढायच्या आधी आम्ही घरांची कौलंसुद्धा उतरवून बाजूला रचली होती. पोर म्हणे कडेवर! माजा अनिल तेव्हा आठवीत. आठवीतला घोडा कडेवर घेतला मी?"

हौसाने काजूच्या बिया उगाच पसरल्या. "मी तुज्या भल्यासाठीच सांगितलं. तुजं कुणी सांगत नाय म्हणून..."

"मी मेलेय का?"

गोदाने मोबाइलवर बोट आपटलं.

"आणि हा कळस," ती म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं छप्पन साली घरातले देव पाण्यात सोडले. त्यासाठी गावानं त्याला काय काय ऐकवलं ते तुला ठाऊक हाय. आणि मी ह्यांच्या पिक्चरमध्ये कुंकू लावून कळसाला हात जोडतेय. वाडीतली पोरं विचारतात, 'आजी, खरं काय?' काय सांगू? हौसा पाष्टेला विचारा?"

"ते चित्र काय मी काढलंय?"

"रडायला तूच लावलंस ना? आणि दया! सरकारला दया आली! आम्ही रत्नागिरीला पुनर्वसनाच्या ऑफिसात जाऊन बसलो, तुला ठाऊक नव्हतं?"

"ऐकलं होतं."

"मग ते का नाय सांगितलंस?"

हौसाला खरं होतं तेच सुचलं. "त्यात रडण्यासारखं काय होतं? रडण्यासारखं नसलं की हे लोक घेत नायत गो. मी कोंबड्यांचं सांगितलं तर कॅमेरा बंद करत होते."

गोदा पडवीच्या कठड्यावर टेकली. हौसाने पाणी आणून दिलं. तिने ते घेतलं नाही. मग थोड्या वेळाने घेतलं.

"फोन लाव तुज्या त्या बायला," ती म्हणाली.

सुहासने फोन लावून दिला. दिशाने सगळं ऐकून घेतलं आणि खूप वेळा सॉरी म्हटलं. मग म्हणाली की येत्या रविवारी रत्नागिरीत एका सभागृहात पूर्ण फिल्म दाखवणार आहेत, तुम्ही दोघी या, तुमचा सन्मान करू. फिल्ममधलं तेवढं मी बघते.

"बघते म्हणजे काय करते?" गोदाने विचारलं. पण तोवर फोन ठेवला गेला होता.

रविवारी दोघी हातखंब्याला एसटीत चढल्या. गोदा खिडकीत बसली आणि रत्नागिरी येईपर्यंत तिने तोंड खिडकीबाहेरच ठेवलं. हौसाने दोनदा घावणाचा डबा पुढे केला. दोन्ही वेळा तो तसाच पिशवीत गेला.

सभागृहात पहिल्या रांगेत पाहुणे होते, म्हणून दोघींना चौथ्या रांगेत बसवलं. दिवे गेले, बासरी सुरू झाली. फिल्ममध्ये नेपाळहून आंब्याच्या बागांत राखणीला येणारं एक जोडपं होतं, हायवेच्या रुंदीकरणात टपरी गेलेला एक माणूस होता, आणि तापलेल्या दगडावर बसलेली हौसा होती. हौसाच्या तोंडी फक्त एवढंच वाक्य ठेवलं होतं, "दुःख होतंच." कोंबड्या कुठेही नव्हत्या. आणि गोदाही कुठे नव्हती. नथवाली नाही, सहा बोटांची नाही, तेरवळच्या बौद्धवाडीचं नावसुद्धा नाही. तो भाग सरळ कापून टाकला होता.

दिवे आल्यावर दिशा मधल्या वाटेने वाकून त्यांच्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजी, काढून टाकलं बरं का. तुमचा मान राखला."

"काढायला कुणी सांगितलं?" गोदा म्हणाली. "खोटं काढ म्हटलं. तू मलाच काढलंस."

दिशा काही बोलणार तोच स्टेजवरच्या पाहुण्यांनी माइक घेतला. ते बराच वेळ बोलले. ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज आपण झालं पाहिजे, हे त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. चौथ्यांदा ते 'आवाज नाही' म्हणाले तेव्हा गोदा उठून उभी राहिली.

"मला आवाज हाय," ती म्हणाली.

पाहुणे थांबले. सूत्रसंचालन करणारा तरुण लगबगीने म्हणाला, "आजी, प्रश्नोत्तरं शेवटी आहेत हं."

"माजा प्रश्न नाय. माजं उत्तर हाय."

कुणीतरी मागे हसलं. तरुणाने पाहुण्यांकडे पाहिलं, पाहुण्यांनी घड्याळाकडे. माइक खाली आणून देईपर्यंत गोदाने बोलायला सुरुवात केली होती. माइक आला तेव्हा तो खरखरला, म्हणून तिने तो हौसाच्या मांडीवर ठेवून दिला.

"मी गोदा महिपत जाधव, तेरवळ. आमच्या वाडीत आठ घरं. शेत आम्ही करायचो, पण जमीन दुसऱ्याच्या नावावर. साहेब म्हणाले, कागदावर तुम्ही तिथे राहतच नाय, मग उठवणार कुणाला? माजा घोव मुंबईला गोदीत कामाला. तो म्हणाला, ये इकडे निघून. मी म्हटलं, मी आले तर साहेबाचं खरं होईल. मग आम्ही आठ घरच्या बायका चुली घेऊन रत्नागिरीला आलो, ह्याच गावात. ऑफिसच्या व्हरांड्यात दगड मांडले आणि पेज शिजत ठेवली. साहेब आला. म्हणाला, हे काय चाललंय? मी म्हटलं, साहेब, तुम्ही म्हणता आम्ही कुठेच राहत नाय. तर आता आम्ही इथे राहतो."

सभागृह हसलं. या वेळी सगळंच हसलं. हौसाही हसली आणि मग तिला हसू आवरेना, कारण गोदाचा तो चेहरा तिने पाटाच्या पाण्यावरच्या भांडणात किती वेळा पाहिला होता.

"पोलीस आले, ते उठवून गेले, आम्ही परत बसलो. असे आठवडे गेले. चिमाची पोरगी तिथेच तापानं..."

"आजी," तरुण हात जोडून म्हणाला, "फारच हृद्य. पण हॉल आपल्याला पाचपर्यंतच आहे आणि सन्मान बाकी आहेत. बाहेर चहाही तयार आहे."

चहा शब्द ऐकल्याबरोबर मागच्या खुर्च्या वाजल्या. गोदा तोंड उघडं ठेवून उभी राहिली. तिला कुणी दरडावून खाली बसवलं नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत बाहेर निघाले होते. दोघींच्या हातांत शाल आणि नारळ आला, फोटो निघाला, आणि पाचव्या मिनिटाला हॉलमध्ये फक्त खुर्च्या गोळा करणारे उरले.

"चिमाच्या पोरीचं काय झालं?" हौसाने पायऱ्यांवर विचारलं. तिला ते खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं दोघी एकाच बाजारात मासळी घेत होत्या.

"आता विचारतेस?" गोदा म्हणाली आणि आपला नारळ हौसाच्या पिशवीत टाकून पुढे चालायला लागली.

दिशा मागून धावत आली. तिचा चेहरा पडला होता. "आजी, पोरीचं पुढे काय झालं? मला ऐकायचंय. मी उद्या येते. कॅमेरा घेऊन येते."

"कॅमेरा आणू नको," गोदा म्हणाली. "आधी ऐकायला ये. एकटीला मला नाय, सगळ्यांना. आणि दिवसभर वेळ काढून ये. उजेड जायची घाई असंल तर येऊच नको."

ती येणार नाही अशी हौसाची खात्री होती. पण दिशा आली. बौद्धवाडीच्या विहाराच्या ओट्यावर गोदा, सखू, चिमा आणि उरलेल्या दोघी म्हाताऱ्या जमल्या. हौसाही गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही. तिने मध्येच "हो, आणि तेव्हा पाणी..." एवढं म्हटलं आणि पाचही म्हाताऱ्या एकदम ओरडल्या, "तू गप बस!"

बोलणं काही सरळ झालं नाही. सखू म्हणे पोलीस दोनदा आले, दुसरी म्हणे तीनदा. पेज साहेबाच्या पायावर सांडली की सांडवली, यावर इतकं भांडण झालं की चहा निवला. चिमाने तो निवलेला चहा पिऊन कप बाजूला ठेवला. मग तिने सांगितलं. पोर तापाने फणफणली तेव्हा ऑफिसातल्या शिपायाने स्वतःच्या सायकलवर दवाखान्यात नेली. पोर वाचली नाही. तिसऱ्या दिवशी चिमा परत व्हरांड्यात येऊन बसली.

"घरी का नाय गेलीस?" हौसाच्या तोंडून निघून गेलं.

"घर कुठे होतं?" चिमा म्हणाली.

दिशाची लेखणी हातात तशीच होती. ती रडली नाही, हे हौसाने पाहिलं. तिने फक्त विचारलं, "पोरीचं नाव काय होतं?"

"मनस्वी. तिच्या बापानं मुंबईहून नाव ठेवून पाठवलं होतं. आमच्या वाडीत असं नाव कुणाचंच नव्हतं."

दिशाने सगळं लिहून घेतलं आणि संध्याकाळी वाचून दाखवलं. म्हाताऱ्यांनी जागोजागी चुका काढल्या. ती खोडत राहिली. पुढे दोन महिन्यांनी नवी फिल्म आली. त्यात बासरी नव्हती, पाण्यात उभी बाई नव्हती, पाच म्हाताऱ्या एकमेकींना खोडून काढत बोलत होत्या. फिल्म लांबलचक होती. सुहासने ती सगळ्या ग्रुपवर टाकली. चार जणांनी बघितली, त्यांतले दोघे वाडीतलेच.

नथवाली गोदा मात्र फिरतच राहिली. परवा लांज्याच्या कुणी अनोळखी माणसाने तीच चित्रफीत पुन्हा गोदालाच पाठवली, खाली हात जोडल्याचं चित्र आणि 'अश्रू अनावर' असं लिहून.

गोदा तो मोबाइल घेऊन पुन्हा उतार चढून आली. या वेळी भांडायला नाही. तिला त्या माणसाला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा होता आणि ते कसं करतात ते तिला येत नव्हतं. हौसालाही नीट येत नव्हतं. सुहास कामावर गेला होता.

"हे बटण दाबून धरायचं," हौसा म्हणाली. "मी धरते, तू बोल."

"ऐका हो," गोदाने मोबाइलला तोंड लावून जोरात सुरुवात केली. "तुम्ही कोण ते मला ठाऊक नाय. पण ज्या बाईसाठी तुम्ही रडताय ती मी नव्हे. आमच्या चिमाची पोरगी मनस्वी..."

"थांब, थांब. अंगठा सुटला."

"मेले, एक बटण धरता येत नाय तुला?"

"घामानं निसटतंय गो."

"पूस हात. टॉवेल हाय ना खांद्यावर?"

हौसाने हात पुसला. गोदाने घसा खाकरला.

"हं. दाब. आणि मी बोलून संपवल्याशिवाय सोडू नको."